भातात साधले, मग गव्हाचे जीनोम संपादन अडते कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर केले. तंत्र तेच, देश तोच, मग गव्हाचा असा वाण अजून का नाही, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. करत आहात आणि प्रबंधासाठी तुमच्या हाताशी दोन वर्षे आहेत. तेवढ्या अवधीत लोकवनसारख्या आपल्याकडे रुळलेल्या गव्हात क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापून जनुक बदलण्याच्या तंत्राने, तांबेऱ्याचा (बुरशीमुळे होणाऱ्या रोगाचा) प्रतिकार किंवा उष्णता सोसण्याची ताकद आणता येईल का, आणि हे सारे जीएम, म्हणजे परके जनुक घातलेल्या, पिकांच्या नियमांत तर अडकणार नाही ना, एवढे तुम्हाला हवे आहे.

गव्हाचे ऊतिसंवर्धन (प्रयोगशाळेत पेशींपासून रोप वाढवणे) आणि संपादन हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे जे लिहितो ते प्रयोगशाळेच्या टेबलावरून आणि प्रक्षेत्रावरून लिहितो आहे. गव्हात क्रिस्पर चालते का, हा प्रश्न आता उरलेला नाही, ते चालते. खरा प्रश्न असा की कोणते जनुक बदलल्याने तुम्हाला हवा तो गुण मिळेल, आणि तोच गुण संपादनाशिवाय, साध्या संकरातून आणि निवडीतून मिळत नाही का. याचे उत्तर गुणानुसार बदलते. शिवाय तुमच्या प्रयोगशाळेत आजच्या घडीला गव्हाच्या कोवळ्या भ्रूणापासून पूर्ण रोप तयार होते की नाही, यावर तुमच्या दोन वर्षांचा सगळा हिशेब अवलंबून आहे. ते मला माहीत नसल्यामुळे काही ठिकाणी मला ‘असे असेल तर’ अशाच भाषेत लिहावे लागेल.

भाताच्या दोन वाणांत नेमके काय केले ते आधी पाहू. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा मसुरी, म्हणजे बीपीटी ५२०४, या वाणातील ‘जीएन१ए’ हे जनुक निकामी केले. या जनुकापासून तयार होणारे विकर (एन्झाइम) सायटोकायनिन या वाढीच्या संप्रेरकाचे विघटन करते. विकर नसले की फुलोरा घडत असताना ते संप्रेरक जास्त टिकते आणि लोंबीतील दाण्यांची संख्या वाढते. हा वाण डीआरआर धान १००, म्हणजेच ‘कमला’. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० या वाणातील ‘डीएसटी’ हे जनुक बंद केले. हे जनुक दुष्काळ आणि क्षार सोसण्याच्या क्षमतेला लगाम घालते. तो लगाम काढल्यावर पुसा डीएसटी राइस १ हा वाण तयार झाला. कमलाचे उत्पादन मूळ वाणापेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी जास्त आणि पक्वता सुमारे २० दिवस आधी, असे जाहीर झाले. चाचण्यांच्या आकड्यांवर पुढे आक्षेपही घेतले गेले, पण त्या वादात मी येथे शिरत नाही. तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. ‘जीएन१ए’चे कार्य २००५ मध्ये आणि ‘डीएसटी’चे २००९ मध्ये संशोधकांनी उलगडले होते. जनुक बंद केले की फायदा होतो हे आधीच ठाऊक होते, भातात त्या जनुकाची जागा एकच होती, आणि दोन्ही मूळ वाण शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेले होते. संपादन हा या लांब प्रवासाचा शेवटचा आणि तुलनेने छोटा टप्पा होता.

आता गव्हाकडे येऊ. आपण ज्याच्या पोळ्या खातो तो गहू षट्गुणित आहे, म्हणजे त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच असतात. खपलीच्या जातकुळीतील चतुर्गुणित गहू आणि एक रानटी गवत यांचा काही हजार वर्षांपूर्वी आपोआप संकर झाला आणि ए, बी व डी असे तीन जीनोम, म्हणजे गुणसूत्रांच्या संचांच्या तीन जोड्या, एका पेशीत नांदू लागले. गुणसूत्रे ४२, आणि एकूण डीएनए सुमारे १,६०० ते १,७०० कोटी अक्षरांचा. भाताचा सुमारे ४० कोटींचा आणि माणसाचा सुमारे ३०० कोटींचा असतो. ‘चायनीज स्प्रिंग’ या गव्हाचा संदर्भ-जीनोम आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात एक लाखाहून अधिक जनुके आढळली. त्यातील २ए हे गुणसूत्र वाचण्यात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठासह भारतीय संस्थांचा वाटा होता. बहुतेक जनुकांच्या ए, बी आणि डी अशा तीन जवळजवळ सारख्या प्रती असतात. तलाठ्याच्या दप्तरात नाव दुरुस्त करून घेतले, पण तहसिलीत आणि संगणकावरच्या उताऱ्यात जुनेच नाव राहिले, तर व्यवहार जुन्याच नावाने चालतो. गव्हात एकच प्रत बंद केली तर नेमके तेच होते. उरलेल्या दोन प्रती काम सांभाळून घेतात आणि झाड पाहून काही बदलले आहे असे कळतही नाही.

या गोष्टीचा एक परिणाम पैदासशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. गव्हात आजवर जे मोठे गुण पैदासकारांच्या हाती लागले, त्यांपैकी अनेक प्रभावी किंवा अर्धप्रभावी, म्हणजे एकाच प्रतीतील बदलानेही दिसणाऱ्या, स्वरूपाचे होते. हरितक्रांतीतील बुटके गहू हे ठळक उदाहरण. जपानी ‘नोरिन १०’ गव्हातून आलेली ‘आरएचटी-बी१बी’ आणि ‘आरएचटी-डी१बी’ ही रूपे प्रत्येकी डीएनएच्या एकेका अक्षराच्या बदलाने झाली आहेत. त्या बदलाने जे तुटके प्रथिन तयार होते ते वाढीवर सतत ब्रेक लावून ठेवते, म्हणून तीनपैकी एकाच प्रतीत बदल असूनही झाड बुटके होते, आणि म्हणूनच तो गुण शेतात डोळ्यांना दिसला. जो गुण दिसण्यासाठी तिन्ही प्रती एकाच वेळी बंद पडाव्या लागतात, तो निसर्गात आपोआप जुळून येण्याची शक्यता नगण्य. भातात किंवा बार्लीत अशा अप्रभावी गुणांचा खजिना पैदासकारांना सापडला; गव्हात तो झाकलेला राहिला. माझ्या मते गव्हात जीनोम संपादनाची खरी जागा येथे आहे. जे काम एका प्रभावी जनुकाने किंवा रेणवीय चिन्हकांच्या (जनुक ओळखण्याच्या डीएनएवरील खुणांच्या) मदतीने केलेल्या बॅकक्रॉसने (मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा केलेल्या संकराने) होते, तेथे क्रिस्पर वापरणे म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही वाया घालवणे होय.

भुरी रोगाचे उदाहरण थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यात ही सगळी गोष्ट एकत्र दिसते. बार्लीत ‘एमएलओ’ नावाचे जनुक बंद पडले की भुरीची बुरशी पानात शिरू शकत नाही. इथिओपियातील देशी बार्लीत असे नैसर्गिक रूप सापडले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातील बार्लीचे अनेक वाण त्यावर उभे आहेत. इतकी वर्षे टिकलेला प्रतिकार रोगशास्त्रात फार थोडा आढळतो. गव्हातही ‘एमएलओ’ आहे, पण तीन प्रतींत, त्यामुळे तिन्ही बंद पडलेला गहू कोणाच्या शेतात कधी सापडला नाही. २०१४ मध्ये चिनी विज्ञान अकादमीतील गाओ त्साइशिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही प्रती एकदम निकामी करून भुरीला दाद न देणारा गहू तयार केला. त्यासाठी त्यांनी मुख्यतः ‘टॅलेन’ ही क्रिस्परच्या आधीची पद्धत वापरली होती.

प्रश्न तेथे संपला असे अनेकांना वाटले, पण तिन्ही प्रती बंद असलेल्या झाडांची वाढ खुंटत होती आणि पाने लवकर पिवळी पडत होती. जनुकाला रोगाला वाट करून देण्यापलीकडेही काही काम असते. ते आपल्याला माहीत नसते एवढेच. याच गटाला त्या संचात ‘आर३२’ नावाची एक ओळ, म्हणजे एका झाडापासून पुढे चाललेला वंश, मात्र अशी मिळाली की जिच्यात रोगप्रतिकार होता आणि वाढही ठीक होती. शोध घेतल्यावर कळले की बी जीनोममध्ये सुमारे ३ लाख अक्षरांचा मोठा तुकडाच गळाला होता, आणि त्यामुळे शेजारचे ‘टीएमटी३’ हे जनुक जास्त जोमाने काम करू लागून वाढीची तूट भरून निघाली होती. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तोच बदल क्रिस्परने इतर उत्तम वाणांतही करून दाखवण्यात आला. जनुक बंद करण्यापासून ते उत्पादनाला धक्का न लावता बंद करण्यापर्यंत आठ वर्षे गेली, तीही जगातील सर्वांत अनुभवी प्रयोगशाळांपैकी एका प्रयोगशाळेत. मे २०२४ मध्ये चीनच्या कृषी मंत्रालयाने जनुक-संपादित गव्हाला पहिल्यांदा जैवसुरक्षा प्रमाणपत्र दिले. महाराष्ट्रातल्या गव्हाला भुरीचा मोठा त्रास नाही, त्यामुळे हेच लक्ष्य उचलून आपल्याकडे करा असे मी सुचवणार नाही.

आता प्रत्यक्ष कामातील अडचणी. क्रिस्पर-कॅस९ मध्ये सुमारे २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए कॅस९ प्रथिनाला डीएनएवरील नेमक्या जागी नेतो. त्या जागेला लागून दोन जी अक्षरे ठरावीक ठिकाणी असावी लागतात. तिन्ही प्रतींवर एकच मार्गदर्शक चालवायचा असेल, तर तिन्हींत अक्षरशः सारखा असलेला भाग शोधावा लागतो. यासाठी ‘चायनीज स्प्रिंग’च्या क्रमावर विसंबू नका. ज्या वाणात काम करणार त्याच वाणाच्या तिन्ही प्रती स्वतः वाचून घ्या, कारण वाणावाणांत एखाद्या अक्षराचा फरक असतो आणि तो नेमका मार्गदर्शकाच्या टोकाशी आला की एक प्रत शाबूत राहते. मार्गदर्शक आधी प्रोटोप्लास्टमध्ये (भित्तिका काढलेल्या सुट्या पेशींत) तपासून घेतले तर काही दिवसांतच कोणता चालतो ते कळते, आणि पुढचे कित्येक महिने वाचतात.

मग संख्येचा हिशेब येतो. समजा, पहिल्या पिढीच्या झाडात तिन्ही जागी गुणसूत्रांच्या जोडीपैकी एकाच गुणसूत्रावर बदल झालेला आहे. त्याच्या स्वपरागणातून तिन्ही जागी पूर्ण बदललेले रोप चौसष्टात एक या प्रमाणात निघते. संपादनासाठी झाडात घातलेले कॅस९चे जनुक एकाच ठिकाणी बसलेले असेल, तर ते वगळले गेलेले रोप चारात एक. दोन्ही अटी एकत्र धरल्या की प्रमाण २५६ मध्ये एक होते. व्यवहारात कॅस९ पुढच्या पिढीतही कापत राहते आणि काही जागा पहिल्याच पिढीत पूर्ण बदललेल्या असतात, त्यामुळे चित्र इतके निराशाजनक नसते. पण भातासारखी तीस-चाळीस रोपे तपासून काम भागेल, असे गृहीत धरू नका. तपासणीसाठी ए, बी आणि डी प्रतींचे प्राइमर (ठरावीक प्रत वेगळी काढून वाचण्यासाठीचे डीएनएचे छोटे तुकडे) स्वतंत्र असावे लागतात. ते नीट वेगळे झाले नाहीत तर तिन्हींचे मिश्रण वाचले जाते आणि नसलेले बदल दिसू लागतात.

खरे घोडे मात्र पेंड खाते ते ऊतिसंवर्धनात. फुलोऱ्यानंतर साधारण १२ ते १५ दिवसांच्या ओंब्या घ्यायच्या, दाणे निर्जंतुक करायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने प्रत्येक दाण्यातून दीड ते अडीच मिलिमीटरचा भ्रूण अखंड बाहेर काढायचा. भ्रूण पारदर्शक असेल तर तो फार कोवळा आहे, पूर्ण पांढरा आणि घट्ट झाला असेल तर वेळ टळून गेली आहे. मधली दुधाळ अवस्था दोन-तीन दिवसच टिकते. त्याचा अंकुराक्ष कापून टाकावा लागतो, नाहीतर कॅलस, म्हणजे पेशींचा आकारहीन गोळा, बनण्याऐवजी तो सरळ रुजून येतो. त्यानंतर ॲग्रोबॅक्टेरियम (जनुक पेशीत पोहोचवणारा जिवाणू), अंधारातील कॅलस, निवडीचे माध्यम, उजेड, कोंब, मुळे असा काही महिन्यांचा प्रवास असतो. या सगळ्यात दाता-झाडांची प्रकृती सर्वांत महत्त्वाची. ज्या झाडांवर कीडनाशक किंवा बुरशीनाशक फवारले आहे, ज्यांनी फुलोऱ्यात उन्हाचा चटका सोसला आहे, त्यांच्या भ्रूणांपासून चांगला कॅलस मिळण्याची आशा धरू नये. आपल्याकडे फेब्रुवारीत पारा चढू लागला की शेतातील ओंब्यांवर भिस्त ठेवता येत नाही. थंड, नियंत्रित वाढकक्ष नसेल तर वर्षातले जेमतेम काही आठवडे तुमच्या हाती असतात.

यातूनच लोकवनचा प्रश्न सुटतो, किंवा अडतो. ‘फिल्डर’ आणि ‘बॉबव्हाइट’ हे परदेशी गहू ऊतिसंवर्धनाला चटकन प्रतिसाद देतात, म्हणून जगभर संपादनाचे बहुतेक काम त्यांच्यात होते. स्थानिक वाण बहुधा हट्टी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डुबकोव्स्की यांच्या गटाने २०२० मध्ये ‘जीआरएफ४-जीआयएफ१’ हे जोड-प्रथिन वापरून पुनर्जननाचे (पेशींपासून रोप उगवण्याचे) प्रमाण लक्षणीय वाढवले, आणि पूर्वी दाद न देणारे काही वाणही त्यामुळे वाकले. तरीही एम.एस्सी.च्या दोन वर्षांत नवा वाण ऊतिसंवर्धनाला वळवून, शिवाय त्यात संपादनही करणे मला अवघड वाटते. फिल्डरमध्ये संपादन करून नंतर लोकवनशी बॅकक्रॉस करण्याचा मार्ग आहे, पण तीन जागांचे अप्रभावी बदल प्रत्येक पिढीत चिन्हकांनी सांभाळत न्यायचे म्हणजे मोठी रोपसंख्या आणि अनेक पिढ्या आल्या. दीर्घ प्रकाशकाळ देऊन वर्षाला पाच-सहा पिढ्या घेण्याची सोय तुमच्याकडे असेल, तरच हा मार्ग आवाक्यातला ठरतो.

तांबेऱ्याबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. २०२२ मध्ये चीनमधील संशोधकांनी ‘पीएसआयपीके१’ हे गव्हाचे जनुक बंद करून पिवळ्या तांबेऱ्याला प्रतिकार मिळवला. बुरशी हे जनुक आपल्या फायद्यासाठी वापरून घेते, म्हणून ते काढल्यावर तिची वाट अडते. काम सुंदर आहे, पण पिवळा तांबेरा थंड उत्तरेचा रोग. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात त्रास आहे तो काळ्या आणि नारिंगी-तपकिरी तांबेऱ्याचा, आणि त्यांच्यासाठी पैदासकारांकडे प्रतिकारक जनुकांचा साठा, चिन्हके आणि महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रासारखी कृत्रिम लागण करून वाण पारखण्याची सोय आहे. ‘एलआर३४’ या प्रौढावस्थेत काम करणाऱ्या जनुकाचे प्रतिकारक आणि संवेदनशील रूप मोजक्या अक्षरांनी वेगळे आहे, त्यामुळे ‘प्राइम एडिटिंग’ने (मोजकी अक्षरे बदलणाऱ्या क्रिस्परच्या पुढच्या पद्धतीने) ते बदलता येईल असा विचार तुमच्या मनात येईल. करता येईलही. पण तेच रूप अनेक वाणांत आधीपासून आहे आणि साध्या संकराने ते हलवता येते. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याचे कारण नाही.

उष्णतेबद्दल थोडक्यातच लिहितो. मार्च २०२२ मधील उष्णतेच्या लाटेने उत्तरेतील गव्हाचे दाणे कसे बारीक राहिले हे आपण पाहिले आहे, आणि महाराष्ट्रात तर हिवाळाच तोकडा. गरज निर्विवाद आहे. मात्र दाणा भरण्याचा काळ, मुळांची खोली, परागकणांची सहनशीलता, पानांचा हिरवेपणा टिकणे या सगळ्यांमागे अनेक जनुके आहेत आणि प्रत्येकाचा वाटा लहान. ‘हे एक जनुक बंद करा आणि गहू उष्णता सोसेल’ असे शेतातील चाचण्यांवर उभे असलेले लक्ष्य आज माझ्यासमोर नाही. मार्गदर्शकांनी हा विषय आग्रहाने सुचवला असेल, तर कोणते जनुक आणि कशाच्या आधारावर, हे त्यांना आदरपूर्वक पण स्पष्टपणे विचारा.

याउलट दाण्याच्या गुणवत्तेची लक्ष्ये संपादनाला चांगली मानवतात, कारण तेथे जनुक-मार्ग माहीत असतो आणि मोजमाप प्रयोगशाळेत करता येते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे दाण्यात शतावरीन, म्हणजे ॲस्पॅराजिन, तयार करणारे ‘एएसएन२’ जनुक बंद करून गहू तयार केला गेला आणि २०२१ मध्ये तो प्रक्षेत्र-चाचणीत पेरला गेला. ॲस्पॅराजिन कमी असले की पाव किंवा बिस्किटे भाजताना ॲक्रिलामाइड हा घातक पदार्थ कमी तयार होतो. जमिनीत गंधकाची कमतरता असेल तर गव्हात ॲस्पॅराजिन वाढते, म्हणजे हा प्रश्न अंशतः खताच्या पोत्यातूनही हाताळता येतो, हेही लक्षात ठेवावे. मोहालीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेत ‘आयपीके१’ जनुकात बदल करून फायटिक आम्ल (लोह-जस्त शरीरात शोषू न देणारे) कमी आणि लोह व जस्त जास्त असलेला दाणा मिळवण्याचे काम झाले आहे, आणि पोळीवर दिवस काढणाऱ्या देशासाठी मला ते सर्वांत अर्थपूर्ण वाटते. ग्लुटेन या गव्हातील प्रथिनाबाबत मात्र सावध राहा. २०१८ मध्ये स्पेनमधील गटाने एका ओळीत अल्फा-ग्लायडिन या ग्लुटेनमधील प्रथिनांच्या ४५ पैकी ३५ जनुकांत बदल घडवून आणले आणि रोगप्रतिकारक प्रतिक्रिया सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दाखवले. तांत्रिकदृष्ट्या ही थक्क करणारी कामगिरी आहे, पण सिलिॲक (ग्लुटेन न सोसणाऱ्या) रुग्णाला उरलेले १५ टक्केही चालत नाहीत.

नियमांचा भाग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एसडीएन-१ आणि एसडीएन-२ या प्रकारांतील वनस्पतींना, त्यांत बाहेरचा डीएनए शिल्लक नसेल तर, १९८९ च्या नियमांतील नियम ७ ते ११ मधून सूट दिली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वे आली. एसडीएन-१ म्हणजे फक्त कापणे आणि पेशीने स्वतः सांधणे; एसडीएन-२ म्हणजे छोटा साचा देऊन मोजकी अक्षरे बदलणे; आणि एसडीएन-३ म्हणजे मोठा तुकडा किंवा परके जनुक घालणे, ज्याला जीएमचेच नियम लागतात. सूट मिळते ती कॅस९ आणि निवड-जनुक (जनुक शिरलेल्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी घातलेले) पूर्ण निघून गेल्याचे सिद्ध केल्यावर. तोपर्यंत तुमची झाडे जीएमच समजली जातात, ती बंदिस्त सुविधेतच वाढवावी लागतात आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्यावी लागते. अर्जेंटिनातील ‘एचबी४’ गव्हाचा उल्लेख या चर्चेत हमखास होतो. त्यात सूर्यफुलाचे जनुक घातलेले आहे, म्हणून तो संपादित गहू नसून जीएम गहू आहे. नियमांपेक्षा मला पेटंटची चिंता जास्त वाटते. कॅस९चे व्यापारी हक्क परदेशी संस्था आणि कंपन्यांकडे आहेत, आणि संशोधनाला ते आड येत नसले तरी बियाणे विकायचे म्हटले की परवाना लागतो. गव्हाचे बियाणे शेतकरी घरचेच ठेवतो, त्यामुळे खासगी कंपनी हा खर्च उचलण्याची शक्यता कमी. हे काम सार्वजनिक संस्थांनाच करावे लागेल.

गव्हाचाच आग्रह नसेल तर ज्वारीचाही विचार करा. ज्वारी द्विगुणित आहे, जीनोम सुमारे ७३ कोटी अक्षरांचा, आणि टारफुला हे परजीवी तण तिच्या मुळांतून झिरपणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोन या संप्रेरकाच्या इशाऱ्याने रुजते. ‘एलजीएस१’ हे जनुक निकामी असलेल्या ज्वारीत या संप्रेरकाचा प्रकार बदलतो आणि टारफुल्याचे बी झोपलेलेच राहते. निसर्गात सापडलेल्या या गुणावरून केनयाटा विद्यापीठातील गटाने संपादित ज्वारी तयार केली आहे. मात्र आफ्रिकेतील टारफुल्याची जात आणि आपल्याकडच्या जाती वेगळ्या आहेत, त्यामुळे आपल्या मालदांडी ज्वारीत हाच बदल तसाच उपयोगी पडेल का, हे तपासणे हाच एक चांगला प्रबंध होऊ शकतो. ज्वारीचे ऊतिसंवर्धन गव्हाइतकेच त्रासदायक आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

गव्हातच काम करायचे असेल, तर तुमच्या जागी मी बन्सी किंवा खपली या चतुर्गुणित गव्हाकडे वळेन. डी जीनोम नसल्यामुळे दोनच प्रती बंद करायच्या असतात, आणि वर सांगितलेले चौसष्टात एक हे प्रमाण सोळात एक होते. संपादनाला हात घालण्यापूर्वी डेव्हिस आणि नॉर्विच येथील संशोधकांनी २०१७ मध्ये खुला केलेला उत्परिवर्तित (संपादनाशिवाय जनुकांत बदल घडवलेल्या) ओळींचा संग्रह पाहून घ्या. त्यात ‘क्रोनॉस’ या बन्सी वर्गातील गव्हाच्या १,५३५ आणि ‘कॅडेन्झा’ या पोळीच्या गव्हाच्या १,२०० ओळी असून प्रत्येक ओळीतील जनुकांमधले बदल वाचलेले आहेत. तुमच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड असलेल्या ओळी तेथे मिळाल्या, तर त्यांचा संकर करून गुण खरोखर दिसतो की नाही हे पहिल्याच वर्षात कळेल, आणि तेही परवानगीच्या कागदांशिवाय. गुण दिसला तर क्रिस्परचे मार्गदर्शक तोवर प्रोटोप्लास्टमध्ये तपासून तयार ठेवा. दिसला नाही तर लक्ष्य बदलायला वेळ उरतो.

एक शेवटची तांत्रिक सूचना, कारण प्रबंध तपासताना याच जागी मी सर्वांत जास्त प्रश्न विचारतो. संपादित झाडांची तुलना करायला मूळ वाणाच्या बियाण्यापासून वाढवलेली झाडे पुरेशी नाहीत. ऊतिसंवर्धनातून जाताना गव्हात अनेक अनपेक्षित बदल होतात. उंची कमी होते, ओंब्या आखूड येतात, वंध्यत्व येते, आणि त्याचा संपादनाशी काही संबंध नसतो. म्हणून त्याच कॅलसमधून, त्याच निवड-माध्यमातून आलेली पण ज्यांत संपादन झाले नाही अशी भावंडे वेगळी लेबले लावून सुरुवातीपासून सांभाळा, आणि पुढच्या पिढीत बदल असलेली व नसलेली भावंडे एकाच वाफ्यात शेजारी शेजारी लावून मोजा.